लिरिलची धून आणि न्यूयॉर्कचा ऑपेरा

कोसळणारा धबधबा, त्याखाली मनसोक्त भिजणारी तरुणी आणि मागून येणारी शब्दांवाचूनची ती लकेर! लिरिल साबणाची ही जाहिरात आठवत नाही, असा चाळिशी ओलांडलेला वाचक सापडणं कठीण. आता जरा पुढे या. १९८८ साल. दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' मालिका सुरू होतेय आणि ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे घनगंभीर स्वर घरभर पसरताहेत. त्याच सुमारास 'वागळे की दुनिया' लागली की जेवणाची ताटं घेऊन सगळे बाहेरच्या खोलीत जमत. आणि 'मंथन'मधलं प्रीती सागर यांनी गायलेलं ते गुजराती वळणाचं गाणं? ते तर पुढे अमूलने आपल्या जाहिरातीतही वापरलं आणि सिनेमा न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसलं.

साबण, वेद, मध्यमवर्गीय वागळे आणि गुजरातेतली दूध सोसायटी. या सगळ्यांच्या सुरावटी एकाच माणसाच्या आहेत, हे सांगितलं की लोक चकित होतात. नाव सांगितलं की आणखी गोंधळतात. वनराज भाटिया? हे कोण?

गंमत अशी, की वनराज भाटिया यांचं शिक्षण ना जाहिरातीसाठी झालं होतं, ना सिनेमासाठी. ते शिकले होते पाश्चात्त्य अभिजात संगीताची रचना. म्हणजे बाख, बेथोवन, मोझार्ट ज्या वाटेने गेले ती वाट. भारतात त्या वाटेला लागलेली माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आजही फार नाहीत.

भाटियांचा जन्म ३१ मे १९२७ चा, मुंबईतल्या कच्छी कुटुंबातला. शाळा न्यू एरा. हिंदुस्थानी संगीताचे पहिले धडे त्यांनी गिरवले ते देवधरांच्या संगीत विद्यालयात. हे बी. आर. देवधर म्हणजे कुमार गंधर्वांचे गुरू. तिथे शिकलेला मुलगा रागदारीतच रमायचा, पण कुमारवयात भाटियांच्या कानावर चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो पडला आणि गाडीने रूळ बदलले. मग डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानो. १९४९ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम. ए. आणि त्यानंतर थेट लंडनची रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक. तिथे शिष्यवृत्ती मिळवली, १९५४ साली सुवर्णपदकही मिळवलं. मग रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले आणि पाच वर्षं एका बाईंच्या हाताखाली शिकले.

या बाईंविषयी थोडं सांगायलाच हवं. नादिया बूलांझे हे त्यांचं नाव. विसाव्या शतकातल्या अमेरिकन संगीताचा निम्मा इतिहास या फ्रेंच बाईंच्या दिवाणखान्यात घडला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९२१ साली पॅरिसजवळ फाँतेनब्लो इथे अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी संगीतशाळा निघाली, तेव्हा पहिल्या तुकडीत आरन कोपलंड होते. पुढे हेच कोपलंड अमेरिकन अभिजात संगीताचा चेहरा बनले. त्यांच्यामागोमाग व्हर्जिल टॉमसन, वॉल्टर पिस्टन, एलियट कार्टर असे अनेक जण आले. जॅझवाले क्विन्सी जोन्ससुद्धा शिकून गेले. रू बालूवरच्या त्यांच्या घरी दर बुधवारी वर्ग भरे. बाई शिस्तीच्या कडक. मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्यांनाही पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवत. आपल्याकडचे खाँसाहेब वर्षभर षड्ज लावायला सांगत, तसलाच प्रकार.

भाटिया पॅरिसला पोहोचले त्याच वर्षी, १९५४ मध्ये, अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला हेही बूलांझेबाईंकडे आले होते. ते आपल्या टँगोची, म्हणजे नाचघरातल्या संगीताची, लाज बाळगून सिंफन्या लिहीत होते. बाईंनी त्यांना टँगो वाजवायला लावलं आणि खरा पियाझोला हा आहे, तो सोडू नकोस, असं बजावलं. माणसाला स्वतःचा सूर सापडवून देण्याची ही त्यांची हातोटी. भाटियांना तो सापडला होता का, या प्रश्नाकडे आपण येऊच.

आणखी एका विद्यार्थ्याची गोष्ट इथे सांगतो, कारण तिच्याशिवाय भाटियांची गोष्ट पुरती कळत नाही. फिलिप ग्लास. जन्म १९३७ चा, म्हणजे भाटियांपेक्षा दहा वर्षांनी लहान. बाल्टिमोर शहरात वडिलांचं ग्रामोफोन रेकॉर्ड्‌सचं दुकान. १९६४ साली तेही बूलांझेबाईंकडे आले, दोन वर्षं राहिले. पॅरिसमध्ये असतानाच त्यांना एक काम मिळालं. पंडित रविशंकर एका चित्रपटाला संगीत देत होते आणि ते फ्रेंच वादकांसाठी पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायला माणूस हवा होता. तालाची आवर्तनं कागदावर कशी मांडायची, यात ग्लास पुरते अडकले. साथीला अल्लारखाँ होते. त्या खटपटीत ग्लासना लयीकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली आणि त्यांच्या संगीताचं वळणच बदललं. लहानसा स्वरसमूह घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि हळूहळू त्यात एखादी मात्रा वाढवत न्यायची. आपल्याला यात तबल्याचा कायदा ऐकू आला, तर नवल नाही.

१९६७ मध्ये ग्लास न्यूयॉर्कला परतले. असलं संगीत वाजवणार कोण? त्यांनी स्वतःची वाद्यमंडळी उभी केली आणि चित्रकारांच्या स्टुडिओत, कलादालनांत वाजवायला सुरुवात केली. पोटासाठी नळ दुरुस्त केले, टॅक्सी चालवली. १९७६ साली त्यांचा 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला. गर्दी उसळली, पण हिशेब केला तर डोक्यावर कर्ज! ग्लास पुन्हा टॅक्सीच्या चाकामागे बसले. तोवर चाळिशी आली होती. मग हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहराने त्यांना नवा ऑपेरा लिहायचं काम दिलं आणि १९८० साली 'सत्याग्रह' रंगमंचावर आला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि गायचे शब्द सगळेच्या सगळे संस्कृत, भगवद्‌गीतेतले! आज ग्लास हे जगातल्या सर्वांत जास्त वाजवल्या जाणाऱ्या हयात संगीतकारांपैकी एक आहेत.

आता भाटियांकडे वळू. गुरू त्याच, शिस्तही तीच. १९५९ साली ते भारतात परतले. सिंफनी लिहिता येते, फ्यूग लिहिता येतो. (फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत प्रवेश करते आणि त्या सगळ्या एकाच वेळी चालू राहतात. भजनी मंडळातल्या चौघांनी तेच पद एकेक ओळ मागे ठेवून धरावं आणि तरी ते कानाला गोड लागावं, असा काहीसा कठीण मामला.) पण हे लिहून द्यायचं कोणाला?

हा प्रश्न वरवरचा नाही. चित्रकाराला कागद आणि रंग पुरतात. आपल्या गवयाला तानपुरा आणि एक तबलजी पुरतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या रचनाकाराला मात्र साठ-सत्तर वादक लागतात, त्यांच्या तालमीला जागा लागते, पगाराला पैसा लागतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नवी रचना करा, आम्ही ती वाजवू, असं सांगणारा कोणीतरी लागतो. ग्लास कफल्लक असतानाही न्यूयॉर्कमध्ये वादक होते, नवं ऐकायला तयार असलेले श्रोते होते, आणि शेवटी रॉटरडॅम होतं. मुंबईत वादक होते ते प्रामुख्याने गोवेकर, आणि त्यांना हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधून उसंत नव्हती. त्यांच्यातल्याच एका जिद्दी माणसाने, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी, १९५८ साली स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी त्यांच्यासाठी गायलं. पण हा उद्योग फार काळ चालला नाही. गोन्साल्विस १९६५ मध्ये अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'त एका गाण्यातून गुरूचं नाव घरोघर पोहोचवलं. नाव पोहोचलं, संगीत नाही.

आश्रयदाते आपल्या देशात नव्हतेच, असंही नाही. आम्हा बेंगळुरूकरांना तर हे विशेष ठाऊक असायला हवं. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार पाश्चात्त्य संगीताचे मोठे जाणकार होते. निकोलाय मेटनर हे रशियन रचनाकार लंडनमध्ये उपेक्षेत दिवस काढत होते. महाराजांनी १९४८ पासून स्वतःच्या खर्चाने त्यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिका काढायला लावल्या. मेटनरनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. पुढे रिचर्ड श्ट्राउस यांची शेवटची चार गीतं १९५० च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथमच गायली गेली, तेव्हाही पैशांची हमी म्हैसूरचीच होती. आज जगभरचे रसिक ती गीतं ऐकून डोळे पुसतात, पण त्यांना या हमीची कल्पना नसते. महाराजांच्या रसिकतेला मनापासून नमस्कार! पण तो पैसा लंडनला गेला. मुंबईच्या वनराजसाठी असा महाराजा कोणी निघाला नाही.

मग पोट भरायचं कसं? १९६० ते ६५ अशी पाच वर्षं भाटिया दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक होते. त्याच सुमारास जाहिराती आल्या. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटाला त्यांनी संगीत दिलं. मुद्दाम संगीत रचून घेतलेला हा भारतातला पहिलाच जाहिरातपट मानतात. तिथून जी रीघ लागली, ती सात हजारांवर जिंगल्सवर जाऊन थांबली. लिरिल, गार्डन वरेली, ड्यूलक्स... वीस-तीस सेकंदांत एक पूर्ण कल्पना मांडायची आणि ती ऐकणाऱ्याच्या डोक्यातून जाता कामा नये. हे काम हलकं आहे असं मला मुळीच वाटत नाही. बूलांझेबाईंच्या वर्गात मुरलेली काटकसर तिथेच उपयोगी पडली असणार.

श्याम बेनेगल हेही जाहिरात क्षेत्रातून आलेले. १९७४ मध्ये त्यांनी 'अंकुर' काढला तो भाटियांना सोबत घेऊन, आणि पुढची दोन-अडीच दशकं ही जोडी टिकली. 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग', 'मंडी', 'सूरज का सातवाँ घोडा', 'सरदारी बेगम'. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथेवर बेतलेला 'भूमिका' मराठी वाचकाने या दृष्टीने पुन्हा पाहावा. नायिकेचं आयुष्य सरकतं तसा सिनेसंगीताचा काळही सरकत जातो, आणि दर दशकाचा बाज भाटियांनी असा उचललाय की ही गाणी जुन्या तबकड्यांवरूनच घेतली असावीत असं वाटावं. 'त्रिकाल'मध्ये पोर्तुगीज अमदानीच्या अखेरचा गोवा आहे. तिथे तर हा माणूस घरच्या अंगणात आल्यासारखा वावरतो. गोविंद निहलानींच्या 'तमस'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' आणि अपर्णा सेन यांचा '३६ चौरंगी लेन' यांचंही संगीत त्यांचंच.

स्वतःचा सूर सापडला होता का, असं मघाशी विचारलं होतं. माझ्या मते 'भारत एक खोज'चं शीर्षकसंगीत हे त्याचं उत्तर आहे. वेदमंत्र म्हटला की आपल्याकडे तानपुरा आणि बासरी ठरलेली. भाटियांनी तिथे वृंदगान आणलं. आवाजांचे थर एकावर एक चढत जातात, चर्चमधल्या गायनाची घडण असते आणि तरी ते परकं वाटत नाही. सृष्टी कशातून जन्मली, या प्रश्नाचं भय त्या स्वरांत आहे. ज्यांनी लहानपणी ते ऐकलं त्यांच्या अंगावर आजही काटा येतो. कोट्यवधी भारतीयांनी पाश्चात्त्य वृंदरचनेचा हा नमुना कसलीही शंका न घेता आपला म्हणून ऐकला.

पण सिनेमा-मालिकांच्या पलीकडे, कोणत्याही दृश्याच्या आधाराशिवाय उभं राहणारं संगीत भाटिया लिहीतच राहिले. 'सिक्स सीझन्स' (१९८८) ही गीतमाला, पियानोसाठी 'फँटेशिया अँड फ्यूग इन सी' (१९९९), तंतुवाद्यांसाठी 'सिंफोनिया कॉन्चेर्टांते' (२००१). वयाच्या ८७ व्या वर्षी 'रेव्हरी'. हे सगळं वाजलं, पण ऐकलं किती जणांनी? या रचनांची नावं ठाऊक असलेला वाचक मला भेटलाच, तर मी त्याला चहा पाजीन.

आता पैशाचा विषय. भाटियांच्या ऐन उमेदीच्या काळात चित्रपटाच्या संगीतावर हक्क चाले तो निर्मात्याचा. संगीतकाराने एकदा मानधन घेतलं की संपलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, वेगळा करार नसेल तर निर्माताच पहिला मालक, असाच निकाल दिला होता. ही स्थिती बदलली ती २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणाला लिहून घेता येणार नाही, असं तो सांगतो. त्याच २०१२ साली सरकारने भाटियांना पद्मश्री दिली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८९ मध्येच मिळाला होता. पण कायदा आला तेव्हा भाटियांनी ८५ वर्षं पुरी केली होती आणि त्यांची बहुतेक कामं मागे पडली होती.

२०१९ च्या जानेवारीत जगप्रसिद्ध चेलोवादक, अमेरिकेचे यो-यो मा मुंबईत आले आणि त्यांनी भाटियांची 'रेव्हरी' वाजवली. याहून मोठा सन्मान रचनाकाराला कोणता? आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रांत बातमी झळकली, की वनराज भाटियांच्या बँकखात्यात काही उरलेलं नाही, घरातली विलायती क्रॉकरी विकून ते दिवस काढताहेत, आजारपण आहे, स्मृती दगा देतेय. बातमीनंतर मदत आली. ७ मे २०२१ रोजी मुंबईच्या आपल्या घरी ते गेले, वयाच्या ९३ व्या वर्षी.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिचा संबंध आमच्या बेंगळुरूशी आहे. गिरीश कार्नाड जन्मले माथेरानला, घडले शिरसी-धारवाडात आणि स्थिरावले इथे. 'मंथन'मध्ये गावात आलेला जनावरांचा डॉक्टर त्यांनी रंगवला, 'भूमिका'च्या पटकथेत त्यांचा हात होता. म्हणजे भाटियांची नि त्यांची ओळख जुनी. त्यांनी लिहिलेलं 'अग्नी मत्तू मळे' हे कानडी नाटक म्हणजे महाभारताच्या वनपर्वातली यवक्रीताची कथा. अवर्षण पडलंय, इंद्राला प्रसन्न करायला सात वर्षांचा यज्ञ चालू आहे आणि त्या यज्ञाच्या आडून एक घराणं मत्सराने जळून चाललंय. गंमत पाहा, हे नाटक लिहवून घेतलं ते अमेरिकेने. मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरने कार्नाडांचं 'नागमंडल' केलं होतं. त्यांनीच नव्या नाटकाची मागणी केली. २००२ मध्ये त्यावर 'अग्निवर्षा' हा हिंदी चित्रपटही निघाला.

भाटियांनी याच कथेवर ऑपेरा रचायला घेतला. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटक नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त पदांच्या मध्ये गद्य संवाद येतात, आणि पद किती रंगवायचं हे गायकनट आणि 'वन्स मोअर' ठरवतात. ऑपेरात मात्र बहुधा सगळंच गाऊन होतं आणि प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर रचनाकाराने कागदावर लिहून ठेवलेला असतो. एकट्याने बसून, वर्षानुवर्षं करायचं हे काम. त्यासाठी कोणी रॉटरडॅम पुढे आलं नव्हतं. तरी वयाच्या उताराला भाटिया ते करत बसले.

'अग्निवर्षा'चे पहिले दोन अंक २०१२ साली रंगमंचावर आले. गायिका ज्युडिथ केलॉक यांनी ते बसवले होते. प्रयोग झाला न्यूयॉर्कमध्ये. कार्नाडांच्या बेंगळुरूत नव्हे, भाटियांच्या मुंबईतही नव्हे. कार्नाड १० जून २०१९ रोजी गेले. त्यांच्या नाटकात पाऊस कोसळतो तो अगदी शेवटी, सगळं जळून झाल्यावर. न्यूयॉर्कच्या प्रयोगात तो भाग नव्हता.